अर्धा इंच माया

सरकत्या जिन्यावर तिच्यापुढे एक पाठ उभी होती आणि त्या पाठीवर कंपनीची सॅक होती. लोक आधी चेहरे बघतात. मास्तरीण आधी शिवण बघायची, मग वेळ उरलाच तर चेहरा. या सॅकच्या उजव्या पट्ट्याच्या मुळाशी शिवणीला दात आले होते. दोरा शाबूत होता, टाके जागच्या जागी होते, पण टाक्यांखालून कापडच निसटत चाललं होतं आणि त्या फटीतून पांढरे धागे कवळीसारखे बाहेर डोकावत होते. तिचा डावा हात तिला न विचारताच पुढे गेला. तर्जनी फटीत शिरली आणि आत किती कापड उरलंय ते चाचपू लागली. पाव इंच. खरं तर पावालाही लाज वाटावी इतकंच.

पाठ गर्रकन वळली. "काय हो काकू? काय करताय?"

"उसवतेय."

"कोण?"

"सॅक. उजवा पट्टा. महिनाभर काढेल अजून, फार तर."

"नवी आहे हो!" तो माणूस असा दुखावला की जणू तिने त्याच्या मुलीत खोट काढली होती. "कंपनीची आहे. ओरिजिनल."

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि जिना संपला. जिने नेहमी असे नको तिथे संपतात. तो माणूस खांदा चाचपत गर्दीत मिसळला आणि ती वरच्या फरशीवर तशीच उभी राहिली, मागून येणाऱ्यांच्या शिव्या मनातल्या मनात मोजत. घरी पोचेपर्यंत तिचं बोट त्या फटीतच होतं.

शिवणकामात माया म्हणतात ती अगदी साधी गोष्ट आहे. शिवणीच्या आतल्या बाजूला, बाहेरून कुणाला न दिसणारं, थोडं जास्तीचं कापड सोडायचं. त्याला माया म्हणायचं. कापडाला टाका धरतो आणि टाक्याला माया धरते. बाहेरून सॅक बघणारा रंग बघतो, कप्पे बघतो, चेन सरसर ओढून बघतो. ओझं ज्याच्यावर असतं ते त्याला कधी दिसतच नाही. हा शब्द ज्याने पहिल्यांदा कापडात आणून ठेवला तो एक तर फार मोठा शिंपी असला पाहिजे, नाही तर घरच्यांनी चांगला पोळलेला माणूस. मास्तरणीला दुसरी शक्यता जास्त पटायची. पट्ट्याच्या मुळाशी पाऊण इंच, बाकी सगळीकडे अर्धा, हा तिचा हिशेब. तीस वर्षांपूर्वी तिने तो आईच्या खाटेवर बसून ठरवला होता आणि त्या खाटेवरूनच, आता कंपनीच्या माहितीपत्रकात छापतात तसा, 'एका स्वप्नाचा प्रवास' सुरू झाला होता. माहितीपत्रकात खाट नव्हती. एक शिखर होतं, त्याच्यावर ढग होता, आणि ढगाकडे बघणारा तिचा धाकटा भाऊ होता.

धाकट्याला तेव्हा डोंगरांचं वेड लागलं होतं. खांद्यांवर दोरीचे वळ घेऊन घरी यायचा आणि आईपुढे सदरा काढायचा नाही. वळ ताईला दिसायचे. ट्रकवर टाकायच्या ताडपत्रीचा एक उरलासुरला तुकडा तिने आणला, घरातलं सगळ्यात मोठं सपाट म्हणजे आईची खाट, तिच्यावर अंथरला, आणि आई "अगं, मला पाय तरी लांब करू दे" म्हणत असताना आईच्या पायांना वळसा घालून पहिली सॅक बेतली. धाकटा ती घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत आला तो दारातूनच ओरडत: "ताई, आणखी सहा!" मग आणखी पंधरा. मग तंबू. पहिला तंबू घरातच उभा केला होता, खाटेसकट, आणि आई आतून म्हणाली होती, "बरंय, जिवंतपणीच पुरलं मला." मग वाऱ्यापासून वाचवणारी जॅकेटं, मग भाड्याची शेड, चार मशिनं, चाळीस मशिनं, हातमोजे, टोप्या, बूट, आणि मग गावाबाहेर तो कारखाना, ज्याच्या दारात बागेसाठी खरे दगड विकत आणून रचले होते. आता दुकानांतून चढायला खोट्या भिंती असतात आणि कंपनीची जॅकेटं अशी माणसं घालतात ज्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे सरकता जिना, आणि तोही जिनाच चढतो. धाकट्याचं एक मानलं पाहिजे. त्याला कापड कधीच कळलं नाही, माणसं मात्र कापडासारखी कळली: कुठे ताणतात, कुठे आटतात, कुठल्या बाजूने दुमडली की गुपचूप दुमडतात. बेतायची ती आणि विकायचा तो. शेडमधले कारागीर तिला मास्तरीण म्हणायला लागले आणि त्याला सर. या दोन शब्दांमध्ये किती माया सोडली होती ते तिने तेव्हा मोजलं नाही. मोजणारी बाई असून मोजलं नाही.

आणि कात्री. घरी आल्यावर कुलूप काढताना तिला नेहमी कात्री आठवायची, कारण किल्लीसुद्धा ती डाव्या हाताने फिरवायची आणि शेजारीण अजूनही बघून हसायची. लहानपणी आईने तो डावा हात मोडून काढायचा चंग बांधला होता. जेवताना, लिहिताना, सुई धरताना आई शेजारी बसून आपल्या हाताने तिचा डावा हात मांडीवर दाबून धरायची. रागाने नाही, देवाला हात जोडावेत इतक्या शांतपणे. उजव्या हाताने ती लिहायला शिकली, जेवायला शिकली. कापायला मात्र शिकली नाही. कात्री उजव्या हातात घेतली की तिचं डोकंच चालायचं नाही. मग एक दिवस वडील, जे घरात वर्षाला दहा-बारा वाक्यं बोलत, कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. आत कात्री होती, काळी, जड, पण आरशातल्यासारखी: पाती उलटी बसवलेली. कुणा कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतली होती. "हात बदलत नाही म्हणतेस ना," ते आईला म्हणाले, "मग हत्यार बदललं." त्या वर्षातलं ते बहुधा नववं वाक्य होतं. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. त्याने ती कात्री पळवली, पलंगाखाली बसून पुठ्ठ्याचं घर करायला घेतलं आणि थोड्याच वेळात भोकाड पसरलं. उजव्या हातात ती कात्री कापत नाही, चावते. पाती एकमेकांपासून लांब पळतात आणि मधलं कापड नुसतं दुमडून गिळतात. "ताई, ही कापतच नाही! मोडकी आहे!" ती खाली वाकून पलंगाखाली शिरली होती, त्याच्या नाकातून गळणाऱ्या शेंबडाकडे दुर्लक्ष करून तिने डाव्या हाताने त्याला दार कापून दिलं होतं, दोन खिडक्या कापून दिल्या होत्या. "मोडकी नाही रे छोट्या. माझी आहे."

हे सगळं ठीक होतं. आठवणींना काही लागत नाही, त्या फुकट येऊन बसतात. पण त्यांच्या मागोमाग ती बैठकही यायची, अकरा वर्षांपूर्वीची, आणि ती आली की मास्तरणीच्या चहाला चव राहायची नाही. नव्या कारखान्यातली लांब खोली, वीसेक माणसं, आणि पडद्यासमोर एक टायवाला तज्ज्ञ, ज्याने आयुष्यात बटणसुद्धा लावलं नसेल. त्याने दाखवलं, की माया अर्ध्यावरून पाव इंचावर आणली तर तेवढ्याच कापडात दर चौदा सॅकमागे एक सॅक जास्तीची निघते. सगळ्यांनी माना हलवल्या. ती म्हणाली, "निघेल. आणि त्या पंधराही उसवतील." तज्ज्ञ हसला. ती म्हणाली, "डोंगरावर माणूस पट्ट्याला लटकलेला असतो हो, कापड वाचवून काय करणार, त्याला गुंडाळायला?" तेव्हा धाकटा बोलला. मोठ्याने नाही, त्याला कधी मोठ्याने बोलावं लागत नसे. म्हणाला, "ताई, तुझी माया आता आपल्याला परवडत नाही."

खोली हसली. तो हशा तिला अजून तोंडपाठ आहे, कोण आधी हसलं, कोण नंतर, कोण नुसतंच तोंड उघडून. शिलाईचा मुकादम हसला, ज्याला तिने मशिनीवर पहिल्यांदा बसवलं होतं आणि ज्याला अखंड बडबडीमुळे सगळे, कापडाच्या कडा बांधणाऱ्या खडखडाटी मशिनीवरून, ओव्हरलॉक म्हणत. वाक्यच तसं होतं. दुसऱ्या कुणाविषयी असतं तर तीही हसली असती, ही त्यातली खरी मेख. ती उठली, आपल्या टेबलाशी गेली, कात्री पिशवीत टाकू लागली. धाकटा मागून आला होता. "कात्री राहू दे ताई. कंपनीच्या यादीत आहे ती." तिने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, घड्याळाकडे बघत होता. तिने कात्री ठेवली. आजही तिला कळत नाही की का ठेवली. बहुधा ज्या हाताने ती परत मागायची तो हात कुणीतरी मांडीवर दाबून धरला होता.

पुढे कारखान्याच्या स्वागतकक्षात काचेची पेटी आली. ओव्हरलॉकने फोनवर फोटो दाखवला, बिचारा पश्चात्तापाने दर सहा महिन्यांनी यायचा. पेटीत मखमल, मखमलीवर कात्री, खाली पितळी पाटी: 'संस्थापकांची पहिली कात्री. हिनेच आमची पहिली सॅक बेतली गेली.' मास्तरणीला खोटेपणाचं फारसं वाटलं नाही. भिंती उभ्या करणारे गवंडी आणि पाटीवरची नावं यांची कुठे ओळख असते? तिला वाटलं ते असं, की रोज हजार-बाराशे माणसं त्या पेटीवरून जातात, त्यांतली निम्मी कापडावर पोट भरणारी, आणि एकाला म्हणून दिसत नाही की ती कात्री डावी आहे. आणि धाकटा उजवा. त्या दिवसापासून तिने आपला राग कात्रीसारखा जपला: रोज पुसून, तेलाचं बोट लावून, कोरड्या जागी ठेवून. दारावर 'सॅक दुरुस्त करून मिळतील' अशी पाटी लावली आणि येणारी प्रत्येक उसवलेली शिवण एका वहीत उतरवून ठेवू लागली: तारीख, कुठला नमुना, कुठे फाटली, आत किती माया. माया, पाव. माया, पाव. माया, पावाला कमी. धाकटा तिच्या वाढदिवसाला खोक्यातून जॅकेट पाठवायचा. ती ते घालायची नाही. उसवायची, मोजायची आणि वहीत लिहायची.

त्या दुपारी, जिन्यावरच्या पाठीची नोंद करून तिने वही मिटली आणि दारावर टकटक झाली. भाची. चिमी. कंपनीत आता नवे नमुने तीच काढायची. लहानपणी मास्तरणीच्याच टेबलाखाली चिंध्यांत झोपलेली पोरगी. धाकटा हुशारच. स्वतः आला नाही, जी आली तर दार लावता येणार नाही अशीला पाठवलं.

"आत्या, रागावू नकोस. कामाने आलेय."

"कामाशिवाय कोण येतं? बस. ते खुर्चीवरचं उचल, तुमचंच आहे."

चिमीने खुर्चीवरची उसवलेली सॅक बघितली, खाली ठेवली. कंपनीला तीस वर्षं होत होती. पहिली सॅक पुन्हा काढायची होती, जशीच्या तशी, जुन्या फर्म्यांवरून. फर्मे म्हणजे पुठ्ठ्याचे ते आकार, ज्यांच्या कडेने खडू फिरवून कापड बेततात. आणि ते जगात एकाच ठिकाणी होते, मास्तरणीच्या कपाटावर, जुन्या चादरीत.

"कार्यक्रमात तुझं नाव घेणार आहेत," चिमी म्हणाली.

"कुठल्या जागी?"

"आभारांत."

"चहावाल्याच्या आधी की नंतर?"

"आत्या!" चिमी हसली, मग ओशाळली. "मी भांडले गं. बाबा म्हणतात, लोकांना एकच गोष्ट लक्षात राहते, दोन नाही. पहिल्या रांगेत खुर्ची आहे तुझी. आणि बाबा स्वतः पहिलं कापड कापणार आहेत, स्टेजवर. काचेतली कात्री बाहेर काढलीय. धार लावून आणली कालच. तो धारवाला काहीतरी बडबडत होता, उलटी आहे, सुलटी आहे, पण बाबांनी पैसे घे आणि नीघ म्हणून सांगितलं त्याला."

मास्तरीण उठून कपाटाकडे गेली. चादर खाली काढताना तिची पाठ चिमीकडे होती, हे बरं झालं, कारण चेहऱ्यावर काय आलं होतं ते तिचं तिलाही बघायची इच्छा नव्हती. तो विसरला होता. पलंग, पुठ्ठा, शेंबूड, सगळं. पाटी इतक्या वेळा वाचली होती की पाटीच खरी झाली होती. माणूस दुसऱ्याला फसवतो तेव्हा वाचण्याची आशा असते. स्वतःला फसवतो तेव्हा फक्त धारवालाच काय तो मध्ये येतो, आणि त्याला हाकलून दिलेलं असतं. एक शब्द पुरला असता. ती तो शब्द जिभेवर घोळवत, चादरीची गाठ सोडत उभी राहिली आणि मग तिने तो गिळला. चव वाईट नव्हती.

"हे घे," ती म्हणाली. आणि फर्मे देताना दुसरी गोष्टही गिळली.

दुसरी गोष्ट जास्त जड होती. हे फर्मे तिच्या हाताचे होते आणि तिच्या हाताची सवय अशी, की फर्मा शिवणीच्या रेषेवर कापायचा. माया त्यात धरायची नाही, ती कापताना बोटाच्या पेराने बाहेर सोडायची. कंपनीतला यंत्राचा फर्मा माया धरून असतो. म्हणजे ही पोरं या पुठ्ठ्याच्या कडेवरच कापणार. मग सॅक आकसेल, पट्ट्यात आतली गादी मावणार नाही, आणि मावत नाही म्हटल्यावर ती माणसं काय करतील हे मास्तरणीला वहीतून पाठ होतं: मायेतूनच चोरतील. पाव इंचाची सूतभर, म्हणजे पावाच्याही निम्मी. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि कंपनी आपल्याच सवयीने आपल्याच तिसाव्या वर्षी सगळ्यांदेखत उसवणार होती. अकरा वर्षांत देवाने तिला इतकं सोपं काही दिलं नव्हतं.

चिमी फर्मे काखेत मारून जिना उतरत होती. "पहिली सॅक मी नेणार आहे गं," ती खालून ओरडली, "आठ दिवस, वर बर्फापर्यंत! वीस किलो! बघू तुझं काम!"

पावलं एक मजला उतरली. मास्तरीण दारात उभी. पट्ट्याच्या मुळाशी बोट, बोटाखाली पांढरे धागे, धाग्यांखाली काही नाही; आणि त्या काही नाहीच्या वर चिमीची पाठ. जिवावर बेतणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं, आणि बेतणारी मी.

"चिमे!" तिचा आवाज जिन्यात आपटत गेला. "वर ये! माया धरलेली नाही त्यात!"

"काय?"

"माया! माया नाहीये!"

खालच्या मजल्यावरची शेजारीण दार उघडून बघू लागली की आत्या-भाचीचं काय बिनसलं. चिमी धापा टाकत वर आली. मास्तरणीने पेन्सिल घेतली, एकेका फर्म्याच्या भोवती, डाव्या हाताने, रेघ सोडत गेली. "अर्धा. सगळीकडे अर्धा. मुळाशी पाऊण. तुमच्यातला कुणी पाव म्हणाला तर त्याला ही वही दाखव." वही चिमीच्या हातात गेली. तिने पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग उलटायची थांबली.

"आत्या, हे सगळं आपलं आहे?"

"आपलं कुठलं? तुमचं. जा आता. काळजी घे."

दोन गोष्टी गिळल्या होत्या, त्यांतली एक ओकून टाकली. दुसरी तशीच राहू दिली. एवढं परवडतं, ती स्वतःशी म्हणाली.

कार्यक्रमाला तिने ठेवणीतली राखाडी साडी नेसली. पहिली रांग, तिसरी खुर्ची. शेजारी तो जुना तज्ज्ञ, आता टाय न लावणारा, आणि त्याने तिला ओळखलं नाही. स्टेजवर धाकटा उभा होता, केस पांढरे, पोट सावरून धरलेलं, आणि कंपनीचं जॅकेट खांद्यात जरा ओढत होतं. त्याने खाट वगळून गोष्ट सांगितली. शिखर, ढग, स्वप्न. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्ट चांगलीच होती, तीस वर्षं धुवून धुवून मऊ झालेली. मग चिमीने मखमलीवरची कात्री पितळी पाटीसकट आणली, टेबलावर जाड ताडपत्री अंथरली, तिच्यावर खडूच्या रेघा होत्या. आतली शिवणीची, बाहेरची मायेची. मास्तरणीने पहिल्या रांगेतून अंतर मोजलं. अर्धा होतं.

धाकट्याने कात्री उजव्या हातात घेतली, कॅमेऱ्यांकडे हसला आणि कापलं. ताडपत्री पात्यांत गेली आणि दुमडली. त्याने कात्री उघडली, पुन्हा लावली. पुन्हा दुमडली. लोक प्रेमाने हसले. तिसऱ्यांदा त्याने जोर लावला आणि कापड पात्यांमध्ये गच्च अडकून बसलं, कुत्र्याने पायजमा धरावा तसं. तो ओढतोय, कात्री सोडत नाही. हसू पातळ झालं. मागच्या भिंतीशी कारागीर उभे होते. तिथे कुणीतरी म्हणालं, आणि ओव्हरलॉकला हळू बोलणं कधी जमलंच नव्हतं: "अहो, डावी आहे ती! मास्तरणीची!" मग कुजबुज निघाली ती मागच्या भिंतीपासून रांग धरून पुढे आली, टाके पडत यावेत तशी एकेक खुर्ची ओलांडत, आणि पहिल्या रांगेपर्यंत येऊन थांबली. माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. तज्ज्ञाने तिला ओळखलं. चिमीने पितळी पाटीकडे बघितलं, मग बापाकडे.

धाकटा कात्रीत सापडला होता. भाषा कधी कधी फार मेहेरबान होते. त्याच्या मानेला घाम फुटला होता आणि खालचा ओठ पुढे आला होता, पलंगाखाली यायचा तसाच. त्याची नजर भिरभिरत येऊन तिच्यावर ठरली. माईक चालू होता हे तो विसरला असावा.

"ताई," तो म्हणाला, आणि सगळ्या सभागृहाने ऐकलं. "ही कापतच नाही."

म्हणजे आठवलं त्याला. आत्ता, या क्षणी, सगळ्यांसमोर आठवलं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. अकरा वर्षं तिने या घडीसाठी वाक्यं घासून ठेवली होती, मायेवरची, परवडण्यावरची, यादीवरची. एकाहून एक धारदार. त्यांतलं एकही लागलं नाही.

"तुझीच आहे ना?" ती बसल्या जागेवरून म्हणाली. "काप."

तो कापत राहिला. दुसरं काय करणार? हजार माणसं बघत होती. आणि मास्तरीण ताठ बसून बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता. फक्त तिच्या मांडीवर डावा हात उघडत होता, मिटत होता, उघडत होता, मिटत होता, दार कापत होता, दोन खिडक्या कापत होता. आणि तो उठून स्टेजवर जाऊ नये म्हणून तिने आपल्या उजव्या हाताने, आईसारखा, शांतपणे, दाबून धरला होता.